खाऱ्या वाऱ्याचा हिशेब

उरणच्या मिठागरांनी पिढ्यान्‌पिढ्या उन्हावरच धंदा केला, तोही सौरऊर्जा हा शब्द न उच्चारता. आता इथल्याच जासई गावात घरावर तीन किलोवॅटचं सौरसंयंत्र बसवलं, की ‘पीएम सूर्यघर’मधून ७८,००० रुपये अनुदान मिळतं. छानच. पण हा पैसा तयार पॅनल विकत घेण्याचा. खाडीच्या वाऱ्यात त्यांच्या चौकटी, नटबोल्ट गंजू नयेत म्हणून डोकं चालवणाऱ्याला कोण देणार? नव्या प्रयोगांबाबत हात आखडता, हे इतरत्रही दिसतं: २०२३च्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेचे १९,७४४ कोटी पाहा. संशोधनाला त्यातले जेमतेम ४००! १९८४ साली जमिनीच्या भावासाठीच्या आंदोलनात पाच जीव गमावलेल्या या पट्ट्याला असे हिशेब चटकन कळतात. राज्याच्या ‘महाऊर्जा’ संस्थेने इथल्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याच्या खटपटीवरही पैसे लावून बघावेत. फसले तर फसले.