हुरडा आणि कॉफी

आमच्या घरी कॉफी होई ती परीक्षा तोंडावर आली की, किंवा एखादा मानाचा पाहुणा आला की. आई उकळत्या दुधात डब्यातली तयार पूड टाकायची, साखर सढळ हाताने, आणि वर जायफळ किसायची. छान लागे, पण खरे सांगायचे तर चव लागे ती जायफळाची. कॉफी निमित्तमात्र! डब्यावर बारीक अक्षरांत चिकोरीचा उल्लेख असतो, हे मी महाविद्यालयात आल्यावर वाचले. चिकोरी म्हणजे एका वनस्पतीचे मूळ भाजून केलेली पूड. शेजारच्या गुजरातेत तिची शेती होते. पदार्थ वाईट नव्हे, पण ती कॉफी नव्हे.

गेल्या हिवाळ्यात मामा चिखलदऱ्याला जाऊन आले. अमरावती जिल्ह्यातल्या या सुमारे ११०० मीटर उंचीच्या गावी कॉफीची झाडे आहेत, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या किती जणांना ठाऊक असेल? येताना त्यांनी किलोभर कच्ची बी आणली. हिरवट-करडी, टणक, वास ओल्या गवताचा. "हे भाजायचं कसं?" मी विचारले. आई म्हणाली, "शेंगदाणे भाजतो तसं."

आणि तेच खरे निघाले. लोखंडी कढई, मध्यम आच, आणि उलथने क्षणभरही थांबवायचे नाही. आधी बी पिवळसर होते, भाकरी भाजल्यासारखा वास सुटतो. मग रंग तांबूस होत जातो, आणि एकाएकी लाह्या फुटाव्यात तसे तडतड आवाज येऊ लागतात. बी फुगते, फोल सुटते. इथे खरी कसोटी. थोडे थांबलात तर कोळसा. घाई केलीत तर आंबट, कच्चट. कढईतून काढली तरी ती आतल्या आत भाजत राहते, म्हणून लगेच परातीत पसरायची, सुपात घेऊन फोल पाखडायचे. किलोची भरते आठशे-साडेआठशे ग्रॅम. त्याच दिवशी दळण्याची घाई करू नये. भाजलेल्या बीतून वायू निघत असतो, एक रात्र जाऊ द्यावी. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तेव्हा आजवर आपण काय पीत होतो, असा प्रश्न मला पडला.

वडिलांना मात्र हे रुचले नाही. "२०१२-१३ला आपल्याकडं मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. लोक टँकरची वाट बघत बसायचे. त्या जिल्ह्यात हे चोचले?" शेजारच्या काकूही धूर पाहून, "काही करपलं का हो?" म्हणून डोकावून गेल्या होत्या.

वडिलांच्या बोलण्यावर मी बरेच दिवस विचार केला. ते म्हणतात त्यात तथ्य नाही असे नाही. पण हेच वडील हुरड्याच्या दिवसांत काय करतात? आगटीतून काढलेले कणीस चोळून गरम दाणे तळहातावर येतात ते तिथेच, शेतात बसून खायचे. घरी नेलेला हुरडा त्यांना चालत नाही. "त्यात मजा नाही," म्हणतात. याला कोणी चोचले म्हणत नाही. ताजे भाजलेले आणि शिळे यांतला फरक आमच्या जिभेला पिढ्यान्‌पिढ्या कळतो. कॉफीच्या बाबतीतच तो कळू नये, असा हट्ट का? बरे, यासाठी घरात नवी वस्तू एकही आली नाही. कढई, परात, सूप, मिक्सर सगळे आधीचेच.

शिवाय जालना हे बियाण्यांचे गाव. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको इथेच सुरू केली. बी म्हणजे काय हे आम्हाला कोणी शिकवायला नको. कॉफीची कच्ची बी कोरड्या जागी कित्येक महिने टिकते. भाजली की काही आठवड्यांत तिचा गंध उडू लागतो, आणि दळली की त्याहून लवकर. बाबा बुदान यांनी सतराव्या शतकात येमेनमधून सात बिया लपवून आणल्या आणि चिक्कमगळूरूच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. त्या बिया कच्च्या होत्या म्हणून तर रुजल्या!

एक कबुली द्यायला हवी. पहिले दोन घाणे आईने भाजले. मी बाजूला उभा राहून वासाचे वर्णन करीत होतो. तिसऱ्या वेळी तिने उलथने माझ्या हातात दिले, आणि वीस मिनिटांत खांदा भरून आला तेव्हा वडिलांच्या आक्षेपापेक्षा मोठा आक्षेप मला सापडला. ताज्या कॉफीचे गोडवे गाणारा पुरुष आणि चुलीपुढे उभी असलेली बाई, ही जोडी असेल तर डब्यातली पूडच बरी. तेव्हापासून भाजणे माझ्याकडे आहे. आई अजूनही त्यात जायफळ घालते. मी काही बोलत नाही.

ज्या मित्रांना आणि प्राध्यापकांना हे सारे पटले नसेल, त्यांनी एखाद्या रविवारी सकाळी घरी यावे. कॉफी मिळेल, मात्र उलथने त्यांच्या हाती राहील.