डिजिटल वर्गातली मुकी मुलं

वर्गात टीव्ही बसला, पेन ड्राइव्ह लागला की शाळा ‘डिजिटल’ झाली. मुलं हाताची घडी घालून कुणीतरी सांगितलेली गोष्ट बघतात. पूर्वी शिक्षक बोलायचा, आता टीव्ही बोलतो. पोर तेव्हाही गप्प, आताही गप्प.

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, तेव्हा आपण क्यूआर कोडचं तेवढं कौतुक केलं. मुलांची घरची भाषा कन्नड, म्हणून गुरुजी आधी कन्नड शिकले, हे मात्र विसरलो.

आमच्या कोलाड-रोह्याकडच्या कितीतरी मुसलमान पोरांची घरची बोली कोकणी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी. वर्गात कोकणी शब्द निघाला की ‘जबान सुधारो’ म्हणून दटावणारे आपणच. कोकणीने उर्दू बिघडते म्हणे! जे पोर स्वतःच्या मनाने दोन वाक्यं बोलत नाही, त्याची कसली उर्दू बिघडणार?

कोलाडला लोक राफ्टिंगला येतात. कुंडलिकेला तेवढी धार येते ती भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेल्या पाण्याने, आणि ते पाणी घाटावरच्या मुळशी धरणाचं. नदी अशी वेळेवर कशी भरते, हे पोरांनी दादीला विचारावं, तिचं कोकणी मोबाइलवर रेकॉर्ड करावं, चार फोटो जोडावेत, खाली उर्दूत आणि मराठीत ओळी लिहाव्यात. मोबाइल एकच पुरतो. निधी लागत नाही, त्यामुळे उद्घाटनाला साहेब येणार नाहीत, एवढंच.

याच सत्रात करून बघा. तोवर टीव्हीवर कापड टाकून ठेवलं तरी चालेल.