हॅट्ट्रिकचे मोल आणि विदर्भाचे गोलंदाज

मार्च २०२५ मध्ये जामठ्याच्या मैदानावर केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीच्या बळावर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक पटकावला, तेव्हा डावखुरा फिरकीपटू हर्ष दुबे याच्या नावावर त्या मोसमातील ६९ बळी जमा झाले होते. रणजीच्या इतिहासात एका मोसमात इतके बळी कोणीही घेतलेले नाहीत. बिहारच्या आशुतोष अमनचा ६८ बळींचा विक्रम त्याने अंतिम सामन्यातच मागे टाकला. त्याआधी फेब्रुवारीत याच मैदानावर झालेल्या उपांत्य सामन्यात पार्थ रेखडे याने मुंबईच्या डावातील एकाच षटकात अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांना तंबूत परत पाठवले होते. विदर्भाच्या ३८३ धावांना उत्तर देताना मुंबईचा डाव २७० धावांत संपला आणि आदल्या मोसमातील विजेत्यांना अखेर ८० धावांनी पराभव पत्करावा लागला.

रेखडेच्या त्या षटकाला क्रिकेटच्या परिभाषेत नाव नाही. तीन बळी एकाच षटकात पडले, पण ओळीने तीन चेंडूंवर पडले नाहीत. पडले असते तर ती 'हॅट्ट्रिक' ठरली असती, विक्रमांच्या पुस्तकात तिची नोंद झाली असती आणि दरवर्षी तिची आठवण निघाली असती. बाद झालेले फलंदाज तेच, सामना तोच, परिणामही तोच. फरक केवळ मधल्या काही चेंडूंचा. हा फरक इतका महत्त्वाचा मानावा काय, हा प्रश्न नागपूरकरांनी विचारावा असाच आहे. कारण हॅट्ट्रिकशी या शहराचे नाते जुने आहे.

विश्वचषक क्रिकेटमधील पहिली हॅट्ट्रिक नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील जुन्या व्हीसीए मैदानावर नोंदली गेली. तारीख होती ३१ ऑक्टोबर १९८७ आणि गोलंदाज होता २१ वर्षांचा चेतन शर्मा. न्यूझीलंडचे केन रुदरफोर्ड, यष्टिरक्षक इयान स्मिथ आणि इवेन चॅटफिल्ड हे तिघेही त्रिफळाबाद झाले. क्षेत्ररक्षकाची मदत नाही आणि पंचांच्या निर्णयाचा प्रश्नही नाही. तिन्ही वेळा यष्ट्या उडाल्या. त्याआधी जेमतेम दीड वर्षापूर्वी, एप्रिल १९८६ मध्ये, शारजात जावेद मियाँदादने अखेरच्या चेंडूवर याच चेतन शर्माला षटकार ठोकला होता. नागपूरच्या तीन चेंडूंनी तो एक चेंडू पुसला जावा, अशी अपेक्षा कोणी केली असेल तर ती फोल ठरली. आजही चेतन शर्मा म्हटले की निम्म्या लोकांना शारजाच आठवते.

त्या दिवशी भारतापुढचे आव्हान केवळ विजयाचे नव्हते. गटात ऑस्ट्रेलियाला मागे टाकून पहिले स्थान मिळवायचे, तर धावगतीच्या हिशेबाने न्यूझीलंडच्या २२१ धावा ४२.२ षटकांच्या आत पार करणे भाग होते. तसे झाले तर उपांत्य सामना मुंबईत, नाही तर लाहोरला. या हिशेबात चेतनची हॅट्ट्रिक मोलाची ठरली, कारण न्यूझीलंडचे फलंदाज धावगती वाढवू पाहत होते नेमक्या त्याच वेळी मधली आणि तळाची फळी एकदम कोसळली. तरीही सामन्याचा खरा निकाल लावला तो अंगात ताप असलेल्या सुनील गावसकर यांनी. ८८ चेंडूंत नाबाद १०३, एकदिवसीय क्रिकेटमधील त्यांचे पहिले आणि एकमेव शतक! हॅट्ट्रिकचा तिसरा बळी ठरलेल्या चॅटफिल्डच्या एकाच षटकात त्यांनी दोन षटकार आणि दोन चौकार वसूल केले. श्रीकांतने ५८ चेंडूंत ७५ धावा फटकावल्या आणि भारताने ३२.१ षटकांतच सामना खिशात घातला. सामनावीराचा मान गावसकर व चेतन शर्मा यांना विभागून देण्यात आला, आणि तो न्याय्यच होता. पाच दिवसांनी मुंबईत ग्रॅहम गूचने 'स्वीप'चे फटके मारून भारताला स्पर्धेबाहेर काढले, हा भाग वेगळा.

जामठ्याच्या नव्या मैदानावर १० नोव्हेंबर २०१९ रोजी दुसरी गाजलेली हॅट्ट्रिक झाली. बांगलादेशविरुद्धच्या तिसऱ्या टी-ट्वेंटी सामन्यात दीपक चहरने अवघ्या ७ धावांत ६ बळी टिपले. आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीमधील ती तोवरची सर्वोत्तम कामगिरी होती. या प्रकारात हॅट्ट्रिक करणारा तो पहिला भारतीय पुरुष गोलंदाज ठरला. (महिलांमध्ये एकता बिष्टने हा मान २०१२ मध्येच मिळवला होता, याचा विसर त्या दिवशी अनेकांना पडला.) पण धावफलक बारकाईने पाहिला तर वेगळेच चित्र दिसते. भारताच्या १७४ धावांचा पाठलाग करताना बांगलादेशची २ बाद ११० अशी भक्कम स्थिती होती आणि मोहम्मद नईम तुफान फटकेबाजी करत होता. ही जोडी चहरनेच मिथुनला बाद करून फोडली. त्यानंतर शिवम दुबेने मुशफिकुर, नईम आणि अफीफ यांना टिपले आणि तिथेच सामना फिरला. हॅट्ट्रिकमधील शफिउल, मुस्तफिजुर आणि अमिनुल हे तिघे आले तेव्हा निकाल ठरल्यात जमा होता. चहरच्या सहा बळींपैकी सर्वाधिक मोलाचे बळी हॅट्ट्रिकबाहेरचे होते.

गंमत अशी, की दोनच दिवसांनी तिरुवनंतपुरम येथे राजस्थानकडून खेळताना याच चहरने विदर्भाविरुद्ध पुन्हा एका षटकात ओळीने बळी घेतले. हॅट्ट्रिक झाल्याची घोषणाही झाली. मग लक्षात आले, की पहिल्या व दुसऱ्या बळीच्या दरम्यान एक वाइड चेंडू पडला होता. त्या एका वाइडने विक्रम हुकला. सामना मात्र विदर्भाने एका धावेने जिंकला.

क्रिकेटखेरीज इतर खेळांतही हा पेच आहे. रग्बीत प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की 'ट्राय' होतो. १९९२ पासून त्याला पाच गुण मिळतात आणि एकाच सामन्यात तीन ट्राय करणाऱ्याने हॅट्ट्रिक केली असे तिथेही म्हणतात. तिथे ते ओळीने करावे लागत नाहीत. १९९४ मध्ये हाँगकाँगच्या अ‍ॅश्ली बिलिंग्टनने सिंगापूरविरुद्ध एकट्याने १० ट्राय केले. सामन्याचा निकाल होता १६४-१३! पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील विश्वचषकात न्यूझीलंडच्या मार्क एलिसने जपानविरुद्ध सहा ट्राय केले, तेव्हा फलक १४५-१७ असा होता. तरीही रग्बीच्या चाहत्याला त्या स्पर्धेतील पराक्रम विचारा. तो एलिसचे नाव घेणार नाही. तो जोना लोमूचे चार ट्राय सांगेल, कारण ते उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध होते. आणि अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने त्याच लोमूला एकही ट्राय करू दिला नाही, हेही सांगेल. चाराचे मोल सहापेक्षा मोठे ठरले ते प्रतिस्पर्धी कोण होता यावरून.

याच कसोटीवर विदर्भाच्या दोन वेगवान गोलंदाजांकडे पाहायला हवे.

रजनीश गुरबानीची हॅट्ट्रिक २०१७-१८ च्या रणजी अंतिम सामन्यातील. इंदूरच्या होळकर स्टेडियमवर दिल्लीविरुद्ध त्याने विकास मिश्रा, नवदीप सैनी आणि ध्रुव शोरी यांचे त्रिफळे उडवले. त्यापैकी शोरी हा १४५ धावांवर खेळणारा, पूर्णपणे स्थिरावलेला फलंदाज होता. पहिल्या दिवसअखेर ६ बाद २७१ वर असलेली दिल्ली २९५ धावांत गारद झाली. रणजीच्या अंतिम सामन्यात त्यापूर्वी केवळ तामिळनाडूच्या बी. कल्याणसुंदरम यांनी, १९७२-७३ मध्ये मुंबईविरुद्ध, हॅट्ट्रिक केली होती. पण गुरबानीचा मोठा पराक्रम त्याआधीच्या आठवड्यातला मानला पाहिजे. कोलकात्यात कर्नाटकविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याने १२ बळी घेतले. दुसऱ्या डावात ६८ धावांत ७. विदर्भाने तो सामना पाच धावांनी जिंकला. तो जिंकला नसता तर इंदूरची हॅट्ट्रिक झालीच नसती. त्या मोसमात ३९ बळी घेऊनही भारतीय संघाचे दार त्याच्यासाठी उघडले नाही. पुढे तो विदर्भ सोडून महाराष्ट्राकडून खेळू लागला. ज्या शोरीचा त्रिफळा त्याने उडवला, तो दिल्ली सोडून विदर्भाच्या संघात आला, हा योगायोग विलक्षणच!

दुसरा दर्शन नळकांडे. वर्ध्याच्या या गोलंदाजाने नोव्हेंबर २०२१ मध्ये दिल्लीत सय्यद मुश्ताक अली करंडकाच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकविरुद्ध डावाच्या अखेरच्या षटकात चार चेंडूंवर चार बळी घेतले. हॅट्ट्रिकहूनही दुर्मिळ अशी ही कामगिरी. परंतु तोवर कर्नाटकच्या सलामीच्या जोडीने धावांचा डोंगर रचला होता. येणारा प्रत्येक फलंदाज मोठा फटका मारण्याच्या इराद्यानेच बॅट फिरवत होता. अखेरच्या षटकातील बळींना हे पाठबळ असतेच, आणि ते नमूद केल्याने नळकांडेचे श्रेय कमी होत नाही. विदर्भाला १७७ धावा हव्या होत्या, झाल्या १७२. चार धावांनी पराभव झाला. विक्रम झाला आणि अंतिम फेरी हुकली.

तीन महिन्यांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, आयपीएलचा लिलाव झाला. चहरला १४ कोटी रुपये मिळाले. नळकांडेला २० लाख. ही तफावत केवळ हॅट्ट्रिकमुळे नाही, हे उघड आहे. चहर आंतरराष्ट्रीय खेळाडू होता, नव्या चेंडूवरील त्याचे कौशल्य सिद्ध झालेले होते. (दुखापतीमुळे त्या मोसमात तो एकही सामना खेळू शकला नाही, हा नशिबाचा खेळ.) पण जामठ्यावरचे तीन चेंडू कोट्यवधींनी दूरचित्रवाणीवर पाहिले होते आणि दिल्लीतील चार चेंडू फार थोड्यांनी, हेही तितकेच खरे. नळकांडेने आयपीएल पदार्पणातच, ८ एप्रिल २०२२ रोजी, लागोपाठच्या चेंडूंवर दोन बळी घेतले. त्यातील एक होता विदर्भातलाच त्याचा सहकारी जितेश शर्मा. तिसरा चेंडू फलंदाजाने निभावून नेला.

एका सामन्यातील चमत्कारावर कारकीर्द उभी राहत नाही याचा सर्वांत बोलका दाखला जामठ्यावरच आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये या मैदानावरील पहिल्याच कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या जेसन क्रेझाने पदार्पणात १२ बळी घेतले. त्यासाठी ३५८ धावा मोजल्या. सामना ऑस्ट्रेलियाने गमावला आणि क्रेझाच्या वाट्याला त्यानंतर फक्त एक कसोटी आली. ऑस्ट्रेलियाच्या निवड समितीने बळींसोबत त्यांची किंमतही पाहिली, असाच याचा अर्थ लावावा लागेल.

आपल्याकडे हिशेबाची ही दुसरी बाजू फारशी पाहिली जात नाही. दुबेच्या ६९ बळींमागे दहा सामने आहेत. मुंबईविरुद्धच्या उपांत्य सामन्यात चौथ्या डावात पाच बळी घेण्यासाठी त्याने १२७ धावा दिल्या आणि मुंबईचा ४०६ धावांचा पाठलाग ३२५ वर थांबवला. अशा गोलंदाजीची क्षणचित्रे तयार होत नाहीत. दुबेला मोसमानंतर भारत 'अ' संघात स्थान मिळाले, ही समाधानाची बाब. मात्र गुरबानीला ३९ बळी आणि हॅट्ट्रिक दोन्ही असूनही जे मिळाले नाही ते पाहता, विदर्भाच्या गोलंदाजांना एकाच वेळी दोन्ही आघाड्यांवर झगडावे लागते: घाम गाळून बळी मिळवायचे, आणि ते कोणाच्या तरी नजरेत भरतील अशा रीतीने मिळवायचे.

रेखडेच्या त्या षटकातील तिन्ही फलंदाज भारताकडून खेळलेले. चेतन आणि चहर यांच्या हॅट्ट्रिकमध्ये बाद झालेल्या सहा जणांच्या यादीशी ही यादी ताडून पाहावी.