विमानखात्यातले रेल्वेवाले

एक सोप्पं क्विझ घेऊया. रेल्वेचा मोठा अपघात झाला की त्याची चौकशी करणारा सरकारी अधिकारी कोणत्या मंत्रालयाचा असतो? (अ) रेल्वे, (आ) गृह, (इ) नागरी विमान वाहतूक.

हा प्रश्न मी गेल्या आठवड्यात आमच्या ग्रुपमध्ये टाकला. अकरा जणांपैकी नऊ जणांनी 'अ' म्हटलं, एकानं 'आ', आणि एकानं स्मायली टाकून विषय संपवला. उत्तर आहे 'इ'. हो, विमानवाले! खोटं वाटत असेल तर कुठल्याही सरकारी पुस्तिकेत बघा, रेल्वे सुरक्षा आयोग हा नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. मुख्यालय लखनौला. आपल्यासाठीचे आयुक्त मुंबईत बसतात.

आता तुम्ही म्हणाल, वीकेंडच्या पुरवणीत हे काय काढलंस? सांगते. ह्याचं खापर उत्रोलीवर.

उत्रोली म्हणजे भोरजवळचं गाव. माझा एक मित्र तिथला. हिंजवडीत नोकरी, पुण्यात फ्लॅट शेअरिंग, आणि दर पंधरा दिवसांनी घरी. मागच्या रविवारी त्याच्याकडे जेवायला गेले होते. भोर तालुक्यात रेल्वे नाही. म्हणजे गंमत बघा, रेल्वेच्या इंग्रजी कागदांत 'भोर घाट' दीडशे वर्षं आहे, पण तो आपला खंडाळ्याचा बोरघाट. खऱ्या भोरकरांच्या वाट्याला आली ती एसटी. कापूरहोळ, नसरापूर, कात्रज, स्वारगेट, हाच त्यांचा हायवे टू सिटी. मित्राचं म्हणणं, "आमच्या नावाचा घाट रेल्वेनं नेला आणि रेल्वे काही दिली नाही."

पण २९ सप्टेंबर २०२४ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाली आणि चित्र बदललं. आता उत्रोलीचा पोरगा स्वारगेटला एसटीतून उतरतो, जिने उतरून जमिनीच्या पोटात जातो आणि मंडई, कसब्याच्या खालून, मुठेच्या पात्राखालून थेट शिवाजीनगर गाठतो. ज्या गावाला रूळ माहीत नव्हते, त्या गावाची पोरं नदीखालून प्रवास करायला लागली. सॉलिड आहे की नाही?

मित्राच्या आईला मात्र ते तितकंसं सॉलिड वाटत नव्हतं. ताटात आणखी एक भाकरी वाढत काकू म्हणाल्या, "एवढ्या खाली गाडी नेतात, वर नदी. ती कुणी नीट बघितलीय का गं? का नुसता नारळ फोडला?"

मित्र म्हणाला, "अगं आई, सरकारनंच बांधलीय."

"तेच विचारतेय," काकू म्हणाल्या. "ज्यानं बांधली त्यानंच बघितली का दुसऱ्या कुणी?"

बॉस! गेली शंभर वर्षं रेल्वे सुरक्षेवर जेवढ्या समित्या बसल्या, त्यातल्या बऱ्याच जणी ह्याच एका वाक्याभोवती फिरल्यात.

थोडं फ्लॅशबॅकमध्ये जाऊ. १८५३मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. तेव्हा रेल्वे खासगी कंपन्यांची होती आणि त्यांच्यावर डोळा ठेवायला सरकारी इन्स्पेक्टर होते. कंपनी वेगळी, तपासणारा वेगळा. मग १९०५मध्ये रेल्वे बोर्ड आलं आणि हे इन्स्पेक्टर बोर्डाच्याच हाताखाली गेले. म्हणजे परीक्षा देणारा आणि पेपर तपासणारा एकाच घरात राहायला लागले. हे बरोबर नाही, हे तेव्हाच्या कायदेमंडळालाही पटलं आणि १९४०मध्ये तसा ठराव झाला. १९४१मध्ये इन्स्पेक्टरांना रेल्वेपासून वेगळं काढलं. पण ठेवायचं कुठे? तेव्हा एक खातं होतं, टपाल आणि हवाई. दिलं तिकडे पाठवून! पुढे मंत्रालयं बदलत गेली, इन्स्पेक्टरांचं 'रेल्वे सुरक्षा आयोग' असं बारसं झालं, पण विमानाशी जोडलेली नाळ तशीच राहिली. विनोदी वाटतं, पण त्यामागचा विचार शहाणा होता. बांधणाऱ्यानं आणि चालवणाऱ्यानं स्वतःच स्वतःला पास करू नये, एवढाच फंडा.

काकूंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. हो, दुसऱ्या कुणीतरी बघितलीय. मेट्रोसाठी २००२चा वेगळा कायदा आहे आणि मेट्रोचे सुरक्षा आयुक्त वेगळे, पण तेही विमानखात्यातलेच. ६ मार्च २०२२ला पुण्यात वनाज ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी ते फुगेवाडी हे पहिले टप्पे सुरू झाले, तेव्हापासून एक बातमी आपण दर टप्प्याला वाचलीय, 'काम पूर्ण, सीएमआरएसची तपासणी बाकी'. ते सीएमआरएस म्हणजे हेच साहेब. रूळ, सिग्नल, ब्रेक, आगीची यंत्रणा, बोगद्यातून लोकांना बाहेर काढायची सोय, हे सगळं बघून ते अहवाल देतात. त्याशिवाय एकही तिकीटधारी माणूस गाडीत बसू शकत नाही. मग पंतप्रधानांची तारीख ठरलेली असो की फुलांच्या माळा आलेल्या असोत.

आणि आपण काय करतो? वैतागतो. "स्टेशन तयार आहे, गाडी उभी आहे, मग सुरू का करत नाहीत?" टपरीवर चहा पिताना ह्या तपासणीला लाल फीत म्हणणारे किमान चार जण मला रोज भेटतात. अरे, अख्ख्या प्रोजेक्टमध्ये ज्याला रिबन कापायची घाई नाही असा हा एकच माणूस आहे. त्याला तरी वेळ द्या ना!

आता उरलेलं अर्धं उत्तर, आणि ते तितकंसं गोड नाही.

मार्ग सुरू करण्याआधी आयुक्तांचा शब्द चालतो. पण अपघात झाल्यावर? १९८९च्या रेल्वे कायद्यानुसार ते चौकशी करतात, साक्षी घेतात, कारण शोधतात आणि शिफारशी करतात. बस्स. त्या शिफारशी मान्य करायच्या की नाही, कधी करायच्या, पैसे कुठून द्यायचे, हे ठरवणार पुन्हा रेल्वेच. शिवाय आयुक्त स्वतः रेल्वेतूनच आलेले मुरलेले अधिकारी असतात. त्याचा फायदा आहे, कारण रूळ कसा तुटतो हे एमबीए केलेल्या माणसाला नाही कळणार. पण कालच्या सहकाऱ्यांचा पेपर आज तपासायचा म्हणजे माणसाची कसोटीच.

ह्यावर सर्वांत स्पष्ट बोलले ते आपले डॉ. अनिल काकोडकर. अणुऊर्जा आयोगाचे माजी अध्यक्ष. २०११मध्ये रेल्वेनं त्यांच्या अध्यक्षतेखाली उच्चस्तरीय समिती नेमली आणि फेब्रुवारी २०१२मध्ये समितीनं १०६ शिफारशींचा अहवाल दिला. सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा, की नियम करणारं, गाड्या चालवणारं आणि नियम पाळले का ते बघणारं असं तिन्ही रेल्वे बोर्डच आहे. म्हणून कायद्यानं अधिकार दिलेलं, स्वतंत्र रेल्वे सुरक्षा प्राधिकरण उभारा. नुसतं सुचवणारं नको, सांगितलेलं करायला लावणारं हवं.

पुढची स्टोरी एकदम फिल्मी. मार्च २०१२च्या रेल्वे बजेटमध्ये तेव्हाचे मंत्री दिनेश त्रिवेदी यांनी हे प्राधिकरण आणण्याची घोषणा केली. त्याच बजेटमध्ये त्यांनी भाडंही वाढवलं. भाडेवाढीवरून त्यांचाच पक्ष खवळला आणि काही दिवसांत मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. देशभर चर्चा कशाची झाली? भाड्याची. प्राधिकरण कुठे गेलं, हे कुणी विचारलंच नाही. ते आजही उभं राहिलेलं नाही.

काहीच झालं नाही असंही नाही हं. फाटक नसलेली, माणूस नसलेली लेव्हल क्रॉसिंग बंद करा, असं काकोडकर समिती म्हणाली होती. २०१९च्या सुरुवातीपर्यंत ब्रॉडगेजवरची अशी सगळी क्रॉसिंग गेली. म्हणजे मनावर घेतलं की होतं. सुरक्षेसाठी वेगळा निधीही आला, २०१७-१८पासून पाच वर्षांत एक लाख कोटींचा राष्ट्रीय रेल्वे संरक्षा कोष. पण २०२२मध्ये कॅगनं रुळावरून घसरणाऱ्या गाड्यांवर अहवाल दिला, त्यात ह्या निधीतून झालेल्या खरेदीत काय सापडलं माहितीय? पायांचं मसाज मशिन. क्रॉकरी. फर्निचर. मला सांगा, कपबशीनं कुठला रूळ सांधला जातो? कुंपणानं शेत खाल्लं, हे आपली आजी उगाच म्हणायची का?

आणि मग येतो तो आकडा, जो वाचून माझं जेवण राहिलं. काकोडकर समितीनं सांगितलं की देशात दरवर्षी सुमारे १५ हजार माणसं रूळ ओलांडताना मरतात, त्यातली सुमारे सहा हजार एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गावर. समितीनं त्याला सरळ 'हत्याकांड' म्हटलं. पण रेल्वेच्या हिशेबात हे 'अपघात' नाहीत. नियमच तसा आहे. स्वतःच्या निष्काळजीपणानं दगावलेले प्रवासी किंवा रूळ ओलांडणारे असतील, तर सुरक्षा आयुक्तांची सक्तीची चौकशी लागत नाही. आणि तो निष्काळजीपणा होता, हे आधी कोण ठरवणार? तुम्ही ओळखलंत.

९ जून २०२५ची सकाळ आठवा. मुंब्र्याच्या वळणावर दोन खचाखच भरलेल्या लोकल एकमेकींजवळून गेल्या आणि दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. त्या दिवशीच चार जण गेले. दारात लटकणं हा निष्काळजीपणा? की आत पाय ठेवायला जागा नसताना वेळेत ऑफिसला पोचायची धडपड? त्यानंतर नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं बसवण्याची घोषणा झाली. चांगलंच आहे. पण दारात माणसं लटकतात हे मुंबईत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. ते 'अपघाता'च्या रकान्यात बसत नव्हतं, एवढंच.

उलट उदाहरण बघा. २ जून २०२३ला ओडिशात बालासोरजवळ तीन गाड्यांचा अपघात झाला, २९०हून जास्त माणसं गेली. पहिल्या दिवसापासून घातपाताच्या चर्चा. सुरक्षा आयुक्तांनी चौकशी केली आणि कारण निघालं ते अगदी साधं, म्हणूनच भयंकर. सिग्नलच्या वायरिंगमध्ये आधी केलेल्या बदलांतल्या आणि फाटकाच्या कामातल्या चुका. रेल्वेमंत्र्यांनी ते संसदेत सांगितलं. नीट बघणारा कुणी असला की असं होतं. अफवेच्या जागी कारण मिळतं. आणि कारण मिळालं तरच पुढची गाडी वाचते.

इथे मला पुन्हा बोरघाट आठवतो. कर्जत-लोणावळा उतारावर 'कॅच सायडिंग' असतं. ब्रेक गेलेली गाडी मुख्य मार्गावर सुसाट सुटू नये म्हणून तिला वळवून चढावर नेणारा आडवा फाटा. त्यातली मेख अशी, की सांधा आधीपासून त्या फाट्याकडेच लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीनं आधी थांबून दाखवायचं, मग तिला मुख्य रूळ मिळणार. म्हणजे यंत्रणा गाडीवर विश्वास ठेवून सुरुवात करत नाही. संशय हे डिफॉल्ट सेटिंग! ड्रायव्हर कितीही अनुभवी असो, त्यात कुणाचा अपमान नसतो.

नवा मार्ग उघडताना आपण नेमकं हेच करतो, आयुक्त हो म्हणेपर्यंत नाही. शिफारशींच्या बाबतीत मात्र सांधा उलटा लावलाय. रेल्वेनं मनावर घेतलं तर होणार, नाही तर फाईल सुखानं पुढच्या स्टेशनाला. काकोडकर समितीला हा सांधा बदलायचा होता. 'का नाही केलं' हे रेल्वेनं कुणातरी स्वतंत्र माणसाला सांगायला हवं, एवढंच.

"पण आपण काय करणार यार?" हा आपला राष्ट्रीय डायलॉग. दोन गोष्टी करता येतात. एक, मेट्रोचा पुढचा टप्पा तपासणीसाठी अडला की शिव्या घालण्याऐवजी विचारायचं, तपासणीत काय सापडलं? दोन, मोठ्या अपघातानंतर पेपरात आतल्या पानावर एक बारीक टायपातली नोटीस येते. सुरक्षा आयुक्त अमुक तारखेला, अमुक ठिकाणी चौकशी करणार आहेत, ज्यांना माहिती द्यायची असेल त्यांनी यावं किंवा लिहून कळवावं. ती नोटीस रेल्वे कर्मचाऱ्यांपुरती नसते. डब्यात असलेल्या, फाटकापाशी उभ्या असलेल्या, काहीतरी पाहिलेल्या कुणाही माणसासाठी असते. जानेवारी २०२५मध्ये जळगाव जिल्ह्यात आगीच्या अफवेनं पुष्पक एक्स्प्रेसमधून उतरलेली माणसं शेजारच्या रुळावर कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडली. अशा वेळी डब्यात नेमकं कोण काय ओरडलं, साखळी कुणी ओढली, हे प्रवाशांशिवाय कोण सांगणार?

आपण सेलच्या जाहिराती झूम करून वाचतो. तेवढीच नजर त्या चार इंचाच्या चौकटीवर टाकूया. देशातल्या सगळ्यात मोठ्या खात्यांपैकी एकाला बाहेरून प्रश्न विचारण्याची ती अधिकृत जागा आहे, आणि तिथे जायला पत्रकार असावं लागत नाही. तिकीटही लागत नाही.