घरसंसार : जुन्या ओव्हनची नाडी



मुंबईत आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ओव्हन नसे. नानखटाईचे ताट नाक्यावरच्या बेकरीत न्यावयाचे व भाजून आणावयाचे, हाच रिवाज. भट्टीची काळजी भट्टीवाल्यास. येथे अवोन्डेलला जुने घर घेतले, की त्याबरोबर जुना ओव्हनही पदरी पडतो आणि त्याच्या खोड्याही.

गेल्या जूनमधील शुक्रवारची गोष्ट. त्या दिवसांत ऑकलंडला सूर्य सव्वापाचच्या आतच मावळतो. आमच्या शेजारच्या भगिनींनी शब्बाथच्या पावाचे पीठ फुगवून ठेविले व तीन वाजता ओव्हन लावला. अर्ध्या तासाने पाहतात तो आत सारे गार! त्यांचे यजमान तर नवा ओव्हन आणावयास निघाले. मी म्हटले, "जरा थांबा, आधी नाडी तर पाहू."

वरच्या शेगड्या तापत होत्या. अर्थात वीज येत होती. त्या तापल्या नसत्या, तर भिंतीवरील स्विच व फ्यूज पाहावे लागले असते. मग घड्याळाकडे वळलो. जुन्या ओव्हनच्या घड्याळाशेजारी एक लहान बटण असते. ते 'ऑटो'वर असले, की ठरविलेली वेळ येईपर्यंत कॉइलला वीज मिळत नाही. फडक्याने पुसताना ते सरकले होते. 'मॅन्युअल'वर आणताच कॉइल तापू लागली व सूर्यास्तापूर्वी पाव तयार झाला.

पण पाव खालून करपला! म्हणून रविवारी दुसरी तपासणी केली. ओव्हनमध्ये एक बारीक नळी असते व तिच्या टोकाच्या फुग्यात द्रव भरलेला असतो. उष्णतेने द्रव प्रसरण पावतो, बटणामागील पडद्यास रेटतो आणि वीज तोडतो. निवल्यावर पुन्हा जोडतो. हाच थर्मोस्टॅट. वीज जोडताना व तोडताना होणारी 'टिक' ही त्याची नाडी.

त्या बटणावरील आकडे फॅरनहाइटचे होते. न्यूझीलंडने 1970च्या दशकात मेट्रिक मापे स्वीकारली. त्यापूर्वीचे ओव्हन जुनेच आकडे दाखवितात. 350 अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे 177 अंश सेल्सिअस. बटण 350वर ठेवून मधल्या जाळीवर ओव्हनचा थर्मामीटर ठेविला. अर्ध्या तासाने पाहिले तो पारा 200च्याही वर! कारण क्षुल्लक निघाले. बटणाचे भोक झिजून ते दांड्यावर सैल फिरत होते, त्यामुळे खूण एकीकडे व दांडा दुसरीकडे. बटण बदलताच काम भागले.

बटण घट्ट असूनही दर वेळी ठराविक अंशांचाच फरक पडत असेल, तर तो कागदावर लिहून दारावर चिकटवावा व त्या हिशेबाने भाजावे. मात्र 'टिक' ऐकू न येता उष्णता वाढतच राहिली, तर ओव्हन तत्काळ भिंतीवरील स्विचने बंद करावा. थर्मोस्टॅटचे टोक चिकटले असण्याचा संभव असतो, व त्यातून आग लागू शकते. येथून पुढचे काम परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनचे. 2000 वॅटची कॉइल 230 व्होल्टवर सुमारे 9 अँपिअर वीज ओढते. तेथे धाडस कामाचे नाही. फार जुन्या ओव्हनच्या दाराच्या पट्टीत वा आतील भरावात ॲस्बेस्टॉसही असू शकते. ते उकरू नये.

भाड्याच्या घरातील ओव्हन घरमालकाने दिलेला असेल, तर 1986च्या भाडेकरू कायद्यानुसार तो सुस्थितीत ठेवणे त्याचेच काम. त्यास लेखी कळवावे.

आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत. घाणा कुरकुरला, की तो मोडीत न काढता कोठे घासतो ते आधी पाहत असतील. जुन्या ओव्हनलाही तेवढा मान द्यावा, एवढेच सांगणे.