थ्रीडी प्रिंटेड ॲल्युमिनियम विकताय? मग ब्रोशरचा आकडा कोटेशनमध्ये टाकू नका



मागच्या महिन्यात आपल्या बॅचमधला एक मुलगा दुकानावर आला. डोक्यात पक्का धंदा होता: मेटल थ्रीडी प्रिंटिंगचे पार्ट बाहेरून करून आणायचे आणि जालना एमआयडीसीतल्या रोलिंग मिलना द्यायचे. स्वतःचं मशीन न घेता सुरुवात. मला आवडलं, मी हेच तर शिकवतो. पहिली चौकशी होती भट्टीजवळ सेन्सर धरायच्या ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटची. कोटेशनमध्ये लिहिलेलं, ताकद ४६० एमपीए.

मी विचारलं, "हा आकडा भट्टीत घालण्याआधीचा की नंतरचा?"

"सर, ब्रोशरमध्ये होता."

इथेच माझा आक्षेप आहे. मी बीबीए झालेला माणूस, मेटलर्जी शिकलेलो नाही. पण दुकानात सळई विकतो. लालभडक टीएमटी सळईवर पाण्याचा मारा होतो, बाहेरची कड कडक होते, आतल्या उष्णतेने ती जरा मवाळ होते, आणि त्यातून ताकद येते. तीच सळई साईटवर कुणी गॅसने तापवून वाकवली की ती कमावलेली ताकद तिथे गेली. ५०० डी मधला ५०० छापलेलाच राहतो, सळईत राहत नाही.

प्रिंटेड ॲल्युमिनियमचं तसंच आहे. सगळ्यात जास्त चालतो तो एएलएसआय १० एमजी, म्हणजे सुमारे १० टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम. लेझर पावडर वितळवतो आणि ती डोळ्याचं पातं लवायच्या आत थंड होते. त्यामुळे सिलिकॉनची अगदी बारीक जाळी तयार होते, आणि बरीचशी ताकद त्या जाळीची असते. पण पार्टमध्ये ताणही अडकलेला असतो. प्लेटवरून कापला की वाकू शकतो. म्हणून बरेच जण तो ३०० अंशाला २ तास ठेवतात. तिथे जाळी तुटते, सिलिकॉनचे सुटे सुटे गोळे होतात. ४६० च्या आसपास असलेली ताकद ३४५ च्या आसपास येते. म्हणजे चौथा हिस्सा गेला! पार्ट तुटण्याआधी जास्त ताणला जातो, हा फायदा आहेच. ३४५ म्हणजे काही टाकाऊ माल नाही. पण तो ४६० नाही.

बरं, उष्णता म्हटली की ताकद जाणारच असंही समजू नका. हाच पार्ट नुसता १६०-१७० अंशाला काही तास ठेवला तर तो आणखी कडक होऊ शकतो. स्कॅन्डियम घातलेला स्कॅल्मॅलॉय तर ३२५ अंशाच्या आसपास ठेवल्यावर ताकद कमावतो. (भाव विचारू नका, स्कॅन्डियम फार महाग.) म्हणून "ॲल्युमिनियम" एवढंच लिहून चालत नाही. कुठलं, किती अंशाला, किती वेळ, हे तिन्ही लिहा.

आता त्या ब्रॅकेटकडे या. मिलमध्ये तो रोज तापणार. २०० अंशाच्या वर नेहमीचं ॲल्युमिनियम भराभर ढिलं पडतं, कारण ते वितळतंच ६६० ला. पोलाद सुमारे १५०० ला. मुलगा म्हणाला, "सर, रॉकेटचं इंजिन प्रिंट होतं की!" होतं. अग्निकुलचं ३० मे २०२४ ला उडालं. पण ते इंजिन इन्कोनेलचं, म्हणजे निकेलच्या मिश्रधातूचं. बातमीत धातूचं नाव वाचत चला.

मी त्याला आधी मिलमध्ये पाठवलं: जिथे ब्रॅकेट बसणार तिथलं तापमान भर दुपारी, भट्टी चालू असताना मोजून आण. आकडा आला २३० अंश. मग आम्ही ॲल्युमिनियमचं कोटेशन फाडलं आणि साध्या पोलादी पट्टीचा ब्रॅकेट वेल्डिंग करून दिला. प्रिंटिंगची ऑर्डर गेली, मार्जिनही थोडंच सुटलं. तो दोन दिवस माझ्यावर नाराज होता.

तुम्ही म्हणाल, समोरचा ४६० लिहितो, आपण ३४५ लिहिलं तर ऑर्डर त्यालाच जाईल. जाऊ दे. पार्ट तुटून लाईन थांबली की मिलवाला तुमचं ब्रोशर बघणार नाही, बिलावरचं नाव बघेल.

त्याच्या नव्या कोटेशनमध्ये आता एक ओळ वाढली आहे: त्याच बॅचमध्ये प्रिंट केलेला, त्याच भट्टीतून काढलेला एक टेस्ट बार, लॅबच्या रिपोर्टसह. त्याचा खर्च त्याने दरातच धरलाय. दुसरी चौकशी पंपाच्या झाकणाची आहे, ते थंड जागी बसतं. तिथे ३४५ पुरतंय.