प्रतिजैविके, डॉक्टर आणि ‘बाहेरून आणा’ची चिठ्ठी

ग्रामीण रुग्णालयांतील डॉक्टर प्रतिजैविके वारेमाप लिहितात, अशी टीका शहरी व्यासपीठांवरून वरचेवर ऐकू येते. टीका खोटी नाही. परंतु ती सोयीची आहे. जिथे जंतूंची तपासणी करणारी प्रयोगशाळा नाही, नमुना जिल्ह्याला पाठवावा लागतो आणि अहवाल येईतो रुग्ण एकतर घरी गेलेला असतो वा दगावलेला, तिथे गर्दीने वेढलेला एकटा डॉक्टर सेफ्ट्रायॅक्सोन लिहितो, तो अज्ञानापेक्षा भयापोटी.

या भयाची किंमत मात्र गरीबच मोजतो. सर्दी-खोकल्यावर प्रतिजैविकाचा काडीचा उपयोग नाही; बहुतेक जुलाबांना मीठ-साखरेचे पाणी पुरते, बालकाला सोबत जस्ताची गोळी. पुष्कळशा नियोजित शस्त्रक्रियांत छेद घेण्यापूर्वी तासाभरात दिलेली सेफाझोलिनची एक मात्रा पुरेशी असते. तरी कित्येक ठिकाणी पाच-पाच दिवस सुया चालू राहतात, आणि साठा संपला की नातेवाइकांच्या हाती ‘बाहेरून आणा’ची चिठ्ठी पडते. मजुराची आठवड्याची मजुरी औषधदुकानाच्या गल्ल्यात जाते आणि जंतू शिरजोर होतात.

काही साथी विचारतील, औषधावर निर्बंध म्हणजे गरिबाचे औषध तोडणे नव्हे काय? मुळीच नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली प्रतिजैविकांचे तीन गट पाडले. पहिल्या गटात अ‍ॅमॉक्सिसिलिनसारखी जुनी, स्वस्त औषधे आहेत. बालकांच्या सर्वसाधारण न्यूमोनियाला आजही तेच प्रथम द्यावयाचे. हे स्वस्त औषध कपाटात नसते म्हणूनच महागडे लिहिले जाते. टंचाई आणि उधळपट्टी या एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू आहेत.

हे आपल्याला नवे नाही. हाथी समितीने १९७५ सालीच ११७ अत्यावश्यक औषधांची यादी दिली होती. स्वस्त पेनिसिलिनसाठी १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक कारखाना उभा राहिला; २०१६ साली केंद्राने देणी भागविण्यासाठी त्याची जमीन विकावयास काढली! २०१४ पासून अनुसूची एच-१ खालील औषधांची नोंदवही ठेवणे विक्रेत्यांवर बंधनकारक आहे. ती कोण पाहतो, हे विचारण्यात फारसा अर्थ नाही.

मात्र रुग्ण कल्याण समितीवर आपले कार्यकर्ते जिथे आहेत, तिथे त्यांनी पुढच्याच बैठकीत विचारावे: गेल्या तीन महिन्यांत अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि जेंटामायसिन किती दिवस शिल्लक नव्हते? आणि जिल्हा रुग्णालयातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचे पद भरलेले आहे की रिक्त? उत्तर लेखी घ्यावे.